शिरस्तेदारांच्या मुठीतला दोरा

१

सोमवारी सकाळी दहाला दहा मिनिटं कमी असताना बेलिफ दिवाणी कोर्टाच्या दप्तरखान्यात शिरला, तेव्हा त्याला आधी चष्मा दिसला. दारापाशी पडलेला, एक काच शाबूत. मग फरशीभर पसरलेले कागद दिसले. मग आडवी झालेली शिडी. आणि शिडीच्या पलीकडे, मान नको तितकी वळलेली, असे शिरस्तेदार.

तीस वर्षं लोकांच्या दारात वाईट बातमी घेऊन उभं राहिलेल्या माणसाला मेलेला माणूस ओळखायला डॉक्टर लागत नाही. तरी बेलिफ गुडघ्यांवर बसला, शिरस्तेदारांच्या नाकाशी बोट धरलं आणि थोडा वेळ तसाच बसून राहिला. त्यांना निवृत्त व्हायला चार महिने उरले होते. त्यांच्या पदाचं नाव केव्हाच बदललं होतं, दारावर ‘अधीक्षक’ अशी पाटीही लागली होती. पण ती पाटी सोडली तर त्यांना अधीक्षक म्हणणारं कोर्टात दुसरं कोणी नव्हतं.

त्यांची उजवी मूठ घट्ट मिटलेली होती. मुठीतून तांबड्या दोऱ्याचं टोक बाहेर आलं होतं, वीतभर. दोरा सोडलेला नव्हता, तुटलेला होता.

बेलिफानं जवळचा एक कागद उचलला. वर दाव्याचा नंबर होता. तो त्याला पाठ होता. हाच नंबर त्याच्या काखेतल्या पिशवीत, एका वॉरंटावर होता. त्या वॉरंटाप्रमाणे येत्या शुक्रवारी त्याला सत्तरीच्या एका बाईला तिच्या घरातून बाहेर काढायचं होतं.

२

दावा एकतीस वर्षांपूर्वीचा. भाऊ आणि बहीण एका घरावरून भांडले. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. ही दोघं चढली आणि सहा वर्षं चढतच राहिली. शेवटी निकाल लागला तो असा: घर भावाचं, पण तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत बहिणीनं हयात असेपर्यंत राहावं. पुढे भाऊ वारला आणि घर त्याच्या मुलाकडे आलं. हा मुलगा लाकडाचा व्यापारी. त्यानं तीन महिन्यांपूर्वी त्या जुन्या दाव्यातल्या एका कागदाची नक्कल कोर्टापुढे ठेवली. कागदावरची तारीख निकालानंतर सहा महिन्यांची होती. मजकूर एवढाच, की भाऊ किंवा त्याचे वारस मागतील तेव्हा मी खोल्या रिकाम्या करून देईन. खाली सही त्या बहिणीची, म्हणजे त्याच्या आत्याची.

“मी असलं काही लिहून दिलेलं नाही,” आत्या म्हणाली. पण कागद कोर्टाच्या स्वतःच्या दप्तरात सापडला होता, आणि कोर्ट दुसऱ्या कोणावर नसलं तरी स्वतःच्या दप्तरावर डोळे मिटून विश्वास ठेवतं. वॉरंट निघालं.

अडून बसले ते एकटे शिरस्तेदार. ‘हा कागद मला खटकतो, सोमवारी लेखी अहवाल देतो,’ असं त्यांनी न्यायाधीशांना सांगितलं होतं. सोमवार उजाडला आणि हे असं झालं.

दुपारपर्यंत कोर्टाच्या जिन्यांवर दुसरीच गोष्ट फिरायला लागली. म्हाताऱ्यानं आत्याशी संधान बांधलं होतं म्हणे. खरा कागद फाडून काढायला शिडीवर चढला, दोरा तोडला आणि कर्माचं फळ भोगून खाली आला. कालपर्यंत ज्यांची शिरस्तेदारांसमोर खुर्ची ओढायची हिंमत नव्हती, त्यांना आज चांगलंच तोंड फुटलं होतं. बेलिफ हे ऐकत होता आणि त्याचा जीव जळत होता.

न्यायाधीश तरुण होते, माणूस म्हणून वाईट नव्हते, पण घाईत असत. “अपघात आहे,” ते म्हणाले. “वाईट झालं. पण वॉरंट कशाच्या जोरावर थांबवू? अहवाल कुठाय? त्यांना काय खटकलं ते त्यांच्याबरोबर गेलं.”

“साहेब, शुक्रवारपर्यंत मी जरा चार लोकांना विचारलं तर?”

“बेलिफानं विचारू नये असा कायदा माझ्या वाचनात नाही. पण शुक्रवारी अकराला काही हाती नसेल, तर वॉरंट बजावायचं.”

जेवायच्या सुटीत बेलिफ नेहमीसारखा नक्कलनवीसाच्या टेबलाशी जाऊन बसला. कोर्टातल्या जुन्या कागदांच्या सही-शिक्क्याच्या नकला करून देणं हे नक्कलनवीसाचं काम. अक्षर मोत्यासारखं, म्हणून त्याला सगळे मोत्या म्हणत, आणि त्यात कुत्र्याचंही नाव आहे हे त्याच्यासकट सगळ्यांना ठाऊक होतं. बावीस वर्षं दोघं एकाच टेबलावर डबा उघडत आले होते. दोन वर्षांपूर्वी नक्कलनवीसाचं स्वतःचं भाड्याचं घर कोर्टाच्या हुकमानं गेलं. सामान बाहेर काढायला हाच बेलिफ गेला होता. “तुझं काम तू केलंस,” एवढंच तेव्हा नक्कलनवीस म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी त्यानंच डबा पुढे सरकवला. आता तो मुलीकडे राहत होता. त्या सरकवलेल्या डब्याचे उपकार बेलिफ अजून विसरला नव्हता.

“तू उगाच डोकं पिकवून घेऊ नकोस,” नक्कलनवीस म्हणाला. “त्या कागदाची नक्कल मीच केलीय. कागद जुना, शाई जुनी. आणि भोकं बघितलीस का? वरच्या कोपऱ्यात एक, डाव्या कडेला एक. त्या दाव्यातल्या प्रत्येक कागदाला आहेत, अगदी तशीच. मागाहून घुसवलेला कागद असा असतो होय?”

गोळा करून आणलेली फाईल टेबलावरच होती. बेलिफानं पाहिलं. कोपऱ्यात एक भोक, कडेला एक. वरच्या कागदाला, खालच्या कागदाला, त्याच्याही खालच्या कागदाला तशीच. मोत्याचं म्हणणं खरं होतं, आणि बेलिफाचा धीर सुटला.

३

शिरस्तेदारांच्या घरी मंगळवारी फारसं कोणी नव्हतं. बदनाम माणसाच्या घरी भेटायला येणारे आधी दोन्हीकडे बघून मगच जिना चढतात. शिरस्तेदारांच्या मुलीनं दार उघडलं. तिचे डोळे सुजलेले होते, आवाज मात्र खणखणीत होता.

“काका, लोक काय बोलताहेत ते आलंय माझ्या कानावर. तुम्हीही तेच विचारायला आला असाल तर दार उघडंच आहे.”

“मी शिडीचं विचारायला आलोय,” बेलिफ म्हणाला.

ती थांबली. मग आत वळून तिनं खुर्ची पुढे केली.

“शिडीचंच मला कळत नाहीये,” ती म्हणाली. “बाबा शिडीवर एकटे चढलेच कसे? मी शाळेत होते तेव्हा त्यांचा एक शिपाई तिथून पडला, पाय कायमचा गेला. तेव्हापासून त्यांचा नियम होता. खाली धरायला माणूस नसेल तर पहिल्या पायरीवरसुद्धा पाय ठेवायचा नाही. घरात दिवा बदलताना स्टुलावर चढायचे, तर आईला गॅस बंद करून यायला लावायचे. आई म्हणायची, अहो, हे स्टूल आहे, किल्ल्याचा तट नाही.”

ती हसली आणि हसता हसता रडायला लागली. बेलिफ जमिनीकडे बघत राहिला. माणसं रडताना आपण कुठे बघायचं हे त्याला तीस वर्षांत समजलं नव्हतं.

“दोरा होता म्हणे हातात,” ती डोळे पुसत म्हणाली.

“होता. लोक म्हणतात, कागद काढायला दोरा तोडला.”

“बाबा दोरा तोडतील? काका, इतर बाबा मुलींना राजाराणीच्या गोष्टी सांगतात, हे मला शिरस्तेदार शब्दाची गोष्ट सांगायचे. शंभरदा ऐकलीय. फारसी शब्द आहे. सर म्हणजे डोकं, टोक. रिश्ता म्हणजे धागा. सररिश्ता म्हणजे धाग्याचं टोक. जुन्या कचेऱ्यांत फायली नव्हत्या, कपाटं नव्हती. कागद आला की सुईनं दोऱ्यात ओवायचा, पुढचा आला की त्याच्यावर ओवायचा. त्या दोऱ्याचं टोक ज्याच्या हाती, तो सररिश्तेदार. कुठला कागद कोणाच्या आधी आला हे तो सांगणार, आणि कोर्ट ते मानणार. लोकांच्या तोंडी त्याचा शिरस्तेदार झाला. ओवायच्या त्या ठरलेल्या रीतीवरूनच आपण शिरस्ता म्हणतो, असं बाबांचं म्हणणं.”

“आम्हालाही ऐकवायचे,” बेलिफ म्हणाला. “आम्ही जांभया द्यायचो.”

“बाबा म्हणायचे, कागदाला खोटं बोलता येतं, दोऱ्याला येत नाही. फाईल हातात आली की मजकूर सगळ्यात शेवटी वाचायचा.”

बेलिफ जिना उतरला तेव्हा त्याच्या डोक्यात दोन गोष्टी होत्या. शिरस्तेदार कागद काढायला चढले नव्हते, दोरा बघायला चढले होते. आणि ते चढले तेव्हा खाली कोणीतरी शिडी धरून उभं होतं.

४

मग त्या माणसानं आरडाओरडा का केला नाही?

संशय घ्यायला पहिला माणूस म्हणजे आत्याचा भाचाच. बुधवारी सकाळी बेलिफ त्याच्या लाकडाच्या वखारीत गेला. करवतीच्या आवाजानं कानठळ्या बसत होत्या आणि भुसा नाकातोंडात जात होता. भाचा मोठा गोड बोलणारा निघाला. गोड माणसांची बेलिफाला धास्तीच वाटे. दार आपटणारे लोक परवडले.

“सोमवारी? सोमवारी आठपासून इथंच होतो. ट्रक आला होता, विचारा या दहा जणांना,” भाचा म्हणाला, आणि त्या दहा जणांनी माना हलवल्या. “शिरस्तेदारांचं ऐकून वाईट वाटलं. पण शुक्रवार पक्का ना? मला सुतार सांगायचाय.”

“आत्यांचं वय झालंय,” बेलिफ म्हणाला. “थोडे दिवस...”

“माझी आत्या आहे, मला काय माया नाही? पण घर फार जुनं झालंय हो. पुढची खोली मी गोदामाला घेणार. मागची राहू दे राहायला. खिडकीपाशी एक टेबल टाकून देतो. उत्तरेचा उजेड आहे तिथं, लिहिणाऱ्या माणसाला तोच बरा. दिवसभर सावली हलत नाही.”

“तुम्ही पुष्कळ लिहिता वाटतं?”

“मी?” भाचा हसला. “मला सही करायची म्हटलं तरी घाम फुटतो.”

बेलिफही हसला. भुसा झटकत तो रस्त्यावर आला, आणि कोपऱ्यापर्यंत गेल्यावर त्याची पावलं मंदावली. मग मागच्या खोलीत लिहिणार कोण?

५

तिथून तो आत्याकडे गेला. वॉरंट बजावण्याआधी सांगून येणं त्याला भागच होतं. आत्या शिंपीकाम करायची. काजं, बटणं, जुने कपडे उलटून नवे करणं. ती खिडकीशी बसून एक जाड कोट उसवत होती आणि त्याला बघूनही तिचा हात थांबला नाही.

“बसा. शुक्रवारचं सांगायला आला असाल.”

“अकरा वाजता यावं लागेल, आत्या. सामान आवरून ठेवलंत तर...”

“काय आवरू? मशीन आहे, पलंग आहे. तुम्हीच सांगा, कुठे नेऊ?” तिनं ताडकन विचारलं, आणि मग तिचाच आवाज खाली आला. “तुमच्यावर कशाला चिडतेय मी. जाऊ दे. पण एक ऐका. एकतीस वर्षांपूर्वी मी या दोन खोल्यांसाठी सख्ख्या भावाशी बोलणं टाकलं. तो गेला तेव्हासुद्धा मी वर गेले नाही, या खोल्यांच्या पायी. आणि निकाल लागून सहा महिन्यांत मी त्या लिहून देईन? माझं डोकं फिरलं होतं का?”

तिच्यावर त्याचा विश्वास बसला होता, पण विश्वासानं वॉरंट थांबत नाही. काहीतरी बोलायचं म्हणून तो म्हणाला, “कोट चांगला आहे.”

“चांगला आहे, पण चोरून आणलाय का काय कोण जाणे. गिऱ्हाईक म्हणतं, माझ्याच मापानं शिवलाय. खोटं!” तिनं उसवलेलं कापड उजेडात धरलं. “हे बघा. शिवण आता इथून जाते. पण इथं, दोन बोटं आत, भोकांची रांग दिसते? दोरा कधीच निघून गेला, भोकं राहिली. म्हणजे कोट आधी बारीक माणसाचा होता, मग सैल केला. दोरा काढता येतो हो, भोक काढता येत नाही. रिकामं भोक दिसलं की समजावं, या कापडाचा याआधीही एक जन्म झालाय.”

बेलिफ एकदम उठून उभा राहिला.

“काय झालं?” आत्या म्हणाली.

“रिकामं भोक,” तो म्हणाला. “आत्या, तुम्ही काही आवरू नका.”

६

दप्तरीबाई दप्तरखान्यात एकटीच बसून तुटलेली फाईल जुळवत होती. अकरा वर्षं तिनं शिरस्तेदारांच्या हाताखाली कागद ओवले होते. सोमवारी ती नव्हती. सासूला घेऊन दवाखान्यात गेली होती आणि अकराला आली, हे दवाखान्याच्या चिठ्ठीवरही होतं.

“मी असते तर शिडी मीच धरली असती हो, भाऊ,” ती म्हणाली. “हेच मनातून जात नाही.”

“बाई, मला एक शिकवा. या कागदांना दोन भोकं का असतात?”

तिनं नवल करत वर पाहिलं. “तीस वर्षं कोर्टात आहात आणि हे ठाऊक नाही?”

“मी दारं ठोठावतो. कागद आतून कसे दिसतात ते मला काय माहीत.”

“दावा चालू असतो तेव्हा कागद पांढऱ्या दोऱ्यात,” ती सांगायला लागली. “वरच्या कोपऱ्यातून. येईल तसा ओवायचा. निकाल लागला की पांढरा दोरा काढून टाकायचा, सगळा गठ्ठा ठोकून सारखा करायचा आणि डाव्या कडेला एकदाच दाभण घालून तांबडा दोरा ओढायचा. मग फाईल इथं येते. म्हणून कोपऱ्यातलं भोक रिकामं, कडेच्या भोकात तांबडा दोरा. शिरस्ताच आहे तो.”

“आणि निकालानंतर एखादा कागद आला तर?”

“तर तो वरून तांबड्या दोऱ्यात घालायचा. त्याला फक्त कडेचं भोक. पांढरा दोरा त्यानं कुठे बघितलाय?” असं म्हणता म्हणता तिचा हात थांबला. तिनं गठ्ठ्यातून तो कागद काढला, आत्याच्या सहीचा. तारखेवर बोट ठेवलं. मग कोपऱ्यावर. “अगं बाई.”

“निकालानंतर सहा महिन्यांनी लिहिलेला कागद,” बेलिफ म्हणाला, “आणि त्याला निकालाच्या आधीचं भोक.”

मग बेलिफ खुर्चीत बसला आणि एकेक गोष्ट स्वतःलाच समजावावी तशी बोलायला लागला. “हा कागद बाहेरच्यानं केलेला नाही. या खोलीतल्या कोऱ्या जुन्या पानावर लिहिलाय, फाईल हातात घेऊन शांतपणे घातलाय. ही फाईल एकट्यानं हाताळणारी माणसं तीन. शिरस्तेदार, तुम्ही, आणि तिसरा. शिरस्तेदारांनी ही चूक झोपेतसुद्धा केली नसती. तुम्ही आत्ता मला न बघता सांगितलंत, म्हणजे तुम्हीही नाही. ही चूक कोण करेल? ज्यानं चालू दावा कधी हातात धरला नाही. ज्याच्या टेबलावर फक्त संपलेले दावे येतात, आणि ज्यानं आजवर बघितलेल्या प्रत्येक कागदाला दोनच भोकं होती.”

दप्तरीबाईनं तोंडावर हात ठेवला. “भाऊ, तुम्ही तर त्यांच्याबरोबर जेवता.”

“हो,” बेलिफ म्हणाला.

७

गुरुवारी सुटीत नक्कलनवीसानं डबा उघडला. बेलिफानं आपला उघडला नाही.

“पोट बिघडलंय का?”

“मोत्या, मूळ कागदात चूक असली तर नकलेत तू दुरुस्त करतोस?”

“कधीच नाही. दिसेल तसं उतरवायचं. शाईचा डाग असला तर ‘इथे डाग आहे’ असं लिहायचं.”

“आणि भोक असलं तर भोक पाडायचं.”

नक्कलनवीसाचा हात डब्यावरच राहिला. बेलिफानं त्याला पांढऱ्या दोऱ्याचं सांगितलं, तांबड्याचं सांगितलं. आवाज चढवला नाही. दोघांच्या मधे बाकीची टेबलं रिकामी होती आणि खिडकीतून फिका उजेड येत होता. सगळं ऐकून झाल्यावर नक्कलनवीस इतकंच म्हणाला, “मला वाटलं, सगळ्यांनाच दोन असतात.”

“भाच्यानं मागची खोली देऊ केली?”

“हयात असेपर्यंत. कुणाला विचारावं लागणार नाही, कुणाच्या परवानगीनं कडी लावावी लागणार नाही.” तो टेबलाकडे बघत बोलत होता. “मुलीकडे मी बाहेरच्या खोलीत निजतो. जावई टीव्ही बघत बसतो, तो उठेपर्यंत मी जिन्यात बसतो. रोज. शेजारी विचारतात, काका, किल्ली विसरलात का? मी हो म्हणतो. दोन वर्षं मी किल्ली विसरतोय.”

“सोमवारी शिडी कोणी धरली होती?”

नक्कलनवीसानं डब्याचं झाकण लावलं.

“बाई नव्हती. त्यांनीच मला हाक मारली. म्हणाले, ये रे, जरा धर. वर गेले, फाईल काढली आणि तिथंच उघडली. पानं उलटत उलटत त्या कागदाशी आले. कोपऱ्याला बोट लावलं. मग खाली बघितलं, माझ्याकडे. ओरडले नाहीत. नुसतं बघितलं. आणि मी हात काढले.” त्यानं आपले दोन्ही हात वर करून दाखवले, शाईचे डाग पडलेले. “ढकललं नाही रे मी. काढले फक्त. शिडी सरकली. त्यांनी फाईलच धरली, दोराच धरला. तो कुठे पेलणार.”

बेलिफाला काही दिसेनासं झालं. त्यानं डोळे पुसले.

“भोकाचं सांग,” नक्कलनवीस म्हणाला. “ते मी कबूल करतो, लिहून देतो. पण शिडीचं सांगू नकोस. ते कुणी बघितलेलं नाही. माझ्या मुलीला तोंड दाखवायला जागा राहणार नाही.”

“शिरस्तेदारांनाही मुलगी आहे,” बेलिफ म्हणाला.

नक्कलनवीसानं मान खाली घातली. थोड्या वेळानं त्यानं कोरा कागद पुढे ओढला, टाक पुसला आणि सगळं लिहून काढलं, शिडीसकट. एकही खाडाखोड झाली नाही. अक्षर नेहमीसारखंच मोत्यासारखं होतं.

८

शुक्रवारी अकराला न्यायाधीशांनी आत्याच्या नावाचा कागद आणि नक्कलनवीसाची कबुली शेजारी शेजारी ठेवून पाहिले आणि वॉरंट रद्द केलं. नक्कलनवीसाला आणि भाच्याला पोलीस घेऊन गेले. कोर्टाच्या जिन्यावर पुन्हा माणसं जमली. हीच मंडळी आता शिरस्तेदार किती देवमाणूस होते ते सांगत होती. त्यांची मुलगी भिंतीशी उभी राहून ते ऐकत होती. बेलिफानं तिच्याकडे पाहून हात जोडले. तिनंही जोडले.

मग तो आत्याकडे गेला. सांगितल्याप्रमाणे तिनं काहीच आवरलं नव्हतं, पण रात्रभर झोपलीही नसावी. वॉरंट रद्द झाल्याचं ऐकून ती मशीनच्या स्टुलावर मटकन बसली आणि पदरात तोंड घालून रडली. बेलिफ उभाच राहिला. तीस वर्षांत त्याच्या येण्यानं कोणी असं रडलं नव्हतं. तरी त्याला आनंद होईना.

“कोणी केलं हे?” तिनं शेवटी विचारलं. “भाच्याला एवढं लिहिता येत नाही.”

बेलिफानं तिला सगळं सांगितलं. घर कसं गेलं, सामान कोणी बाहेर काढलं, जिन्यातलं बसणं, किल्ली विसरल्याचं निमित्त, शिडी. आत्या ऐकत होती. मधेच तिनं उठून मागच्या खोलीच्या दारातून आत पाहिलं आणि परत येऊन बसली.

“या खोलीसाठी?” ती म्हणाली.

“हो.”

“अहो, मग माझ्याकडे यायचं होतं. एकटीला दोन खोल्या खायला उठतात. दिली असती की मी एक.” तिचे डोळे पुन्हा भरून आले. “एका चांगल्या माणसाचा जीव गेला, आणि नुसतं येऊन विचारायचं होतं हो. कोणालाच कसं सांगितलं नाही त्यांनी?”

बावीस वर्षं एका टेबलावर जेवून, राहतोस कसा, झोप लागते का, हे बेलिफानंही कधी विचारलं नव्हतं.